रेखाची पानं

आधी रेखाचं नाव घेते. रेखा माझी धाकटी नणंद. लातूरला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं एक दुकान आहे, तिथं ती कॉम्प्युटरवर बसते. माझ्या हातची वेडीवाकडी अक्षरं तिनं टाइप केली, कधी तोंड वाकडं न करता. म्हणजे तोंड वाकडं केलं, लई वेळा केलं, पण टाइप केलं. ती नसती तर माझं लिहिलेलं आजही ज्वारीच्या कोठीवर पिशवीत पडून राहिलं असतं, आणि मी लिहिते ही गोष्ट फक्त आमच्या घरातल्या उंदरांना ठाऊक असती. हे पहिल्यांदा सांगून टाकते, कारण पुढं जे आहे त्यात माझं थोडं गेलं आणि तिचं जास्त गेलं.

येळवस जवळ आली आहे. कॅलेंडरवर तिला वेळ अमावस्या म्हणतात, मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्या तोंडी ती येळवस. चार दिवस आधीपासूनच लातूरचा बाजार हिरवा व्हायला लागतो. तुरीच्या ओल्या शेंगा, वालाच्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे, पातीचा कांदा, बोरं, सगळं पोत्यांवर पसरलेलं. आंबिलीसाठी मातीची मडकी रचून ठेवलेली असतात आणि बाया त्यांना बोटानं टिचक्या मारून, कान लावून बघतात. आणि खुद्द त्या दिवशी शहर रिकामं. शटरं खाली, रिक्षा नाही, क्लासच्या बाहेर लावलेल्या सायकलीसुद्धा गायब. ज्याचं शेत आहे तो आपल्या शेतात, ज्याचं नाही तो दुसऱ्याच्या शेतात. लोकांना या दिवसांत भूक लागते. माझी गेल्या वर्षीपासून भूक मरते. ओल्या तुरीचा वास नाकात गेला की मी पलीकडच्या गल्लीनं जाते.

मी मूळची इथली नाही. माझं माहेर नायगावच्या पलीकडचं. लातूरहून निघालं की अहमदपूर, मग लोहा, मग नांदेड, आणि तिथून पुढं आणखी एक बस. लग्न ठरलं तेव्हा वाटलं होतं, तिकडंही हीच काळी माती आहे, हीच ज्वारी आहे, लांब असून किती लांब असणार. पण मी तोंड उघडलं की इथल्या बाया पदर तोंडाला लावायच्या. मी "करून राहिले" म्हणायची, त्या "करलालाव" म्हणायच्या. आणि येळवशीचा एवढा थाट मी माहेरी कधी बघितलाच नव्हता. पहिल्या वर्षी सगळं घर भल्या पहाटे टोपली डोक्यावर घेऊन निघालं, तेव्हा मला वाटलं, कुठं लग्न आहे का काय.

शाळा सातवीला सुटली. गावात तेवढीच होती. पुढची शाळा ओढ्यापलीकडं, दुसऱ्या गावात. वडील फक्त एवढंच म्हणाले, "बास झालं, मंगल." रागानं म्हणाले असते तर भांडता आलं असतं. मऊ आवाजात म्हणाले, त्यामुळं काहीच करता आलं नाही. तेव्हापासून शिकलेल्या माणसापुढं उभी राहिले की मला वाटतं, आता हे विचारणार. काय विचारणार ते माहीत नाही. पण विचारणार.

आमचे हे डाळमिलमध्ये कामाला आहेत. मीही तिथंच निवडायला जाऊ लागले. आता बरंचसं काम मशीन करतं, पण आमच्या मिलमध्ये शेवटचा हात अजून बायांचा लागतो. आम्ही ओळीनं बसतो, पुढं पिवळ्याधमक डाळीचा ढीग, आणि बोटं काळा दाणा, खडा, साल बाजूला करत राहतात. डाळीची धूळ पापण्यांवर बसते. संध्याकाळी चूळ भरली तरी तोंडात तुरीची चव राहते. या कामात एक गंमत आहे. सगळ्यांचे डोळे खाली असतात, कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नाही. त्यामुळं बाया खरं बोलतात. नवऱ्याचं, जावेचं, गेलेल्या लेकराचं, स्वयंपाकघरात तोंडातून निघणार नाही असं सगळं तिथं निघतं. मला वाटतं मी तिथंच लिहायला शिकले. मिलमधल्या जुन्या पावत्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायची. लिहिताना मनात एकच धरायची, की समोर डाळ आहे आणि आपल्याकडं कुणी बघत नाही.

पण एकदा बघितलं गेलं. त्यातलं एक लिहिलेलं रेखानं मला न विचारता टाइप करून इथल्या एका छोट्या दिवाळी अंकाला पाठवून दिलं. ते छापून आलं. मिलमधल्या बायांनी ते त्यांच्यातल्याच एकीकडून वाचून घेतलं आणि "माझं नाव कामून न्हाई टाकलंस गं" म्हणून दोघी जणी रुसल्या. दिवाळी सरली आणि नांदेडहून एका बाईंचा फोन आला. त्या आणि त्यांचे मालक, दोघं नवराबायको मिळून एक लहानसं प्रकाशन चालवतात.

"डाळ निवडणाऱ्या बायांवर तुम्हीच लिहिलंय का?"

"हाव जी."

"आणखी आहे?"

"हाय थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

"पिशवीभर."

बाई हसल्या. म्हणाल्या, "संक्रांतीच्या आत घेऊन या. पोस्टानं नको, स्वतः या, बोलू. आणि एक करा. ज्यांच्यावर लिहिलंय त्यांच्या कानावर घाला. नावं बदलली तरी माणूस स्वतःला बरोबर ओळखतो. आमचं प्रकाशन दोन खोल्यांचं आहे, ताई. कुणाचं घर मोडून पुस्तक काढायची आमची ऐपत नाही."

मी फोन ठेवला. त्या दिवशी माझ्या हातून भाजीत दोनदा मीठ पडलं.

मग दुपारी दुपारी रेखाच्या दुकानात बसणं सुरू झालं. गिऱ्हाईक नसलं की ती टाइप करायची. मी शेजारी स्टुलावर. मशीनचा पंखा गरगरत असायचा, बाहेर क्लासची पोरं वडापाव खात उभी असायची.

"वैनी, हे अक्षर हाय का तुरीत निघालेली अळी?"

"तुला वाचता येतंय नव्हं? मग लाव हात."

"लेखिकाबाई, आधी चहा सांगा. फुकट अळ्या वेचायला न्हाई बसले मी."

असं चालायचं. पण त्या पिशवीत तळाशी काही पानं होती, ती मी तिला देत नव्हते. ती तिच्याबद्दलची होती. एके दिवशी मी चहा सांगायला गेले आणि परत आले तर तीच पानं तिच्या पुढ्यात. ती टाइप करत होती. चेहऱ्यावर काही नाही. मी चहाचा ग्लास हातात धरून उभी, बोटं भाजत होती तरी खाली ठेवायचं सुचेना. शेवटचं पान संपलं तेव्हा ती म्हणाली, "एका जागी चुकलीस. बस लातूरची नव्हती. औशाची होती. औशाला बदलली मी."

एवढंच. मी ते बरोबर करून घेतलं.

त्या पानांत काय होतं ते सांगते. रेखाचं लग्न निलंग्याकडच्या एका गावात झालं होतं. नवरा पुण्याला कंपनीत, सणावारी यायचा. घरात कुणी मारलं नाही, कुणी उपाशी ठेवलं नाही. मारलं असतं तर लोकांना सांगायला सोपं गेलं असतं. तिला कॉम्प्युटरचा क्लास लावायचा होता, ते म्हणाले बघू. पुण्याला जायचं होतं, ते म्हणाले बघू. दिवस असेच "बघू" म्हणत चालले. एका दुपारी ती काटवटीत पीठ मळत होती आणि तिला दिसलं, की हे असंच राहणार आहे. ती उठली, हात धुतले, चपला घातल्या आणि रस्त्यावर येऊन बसला हात केला. हातात पिशवीसुद्धा नव्हती.

पण आमच्या घरात ही गोष्ट अशी कुणी सांगत नाही. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्या सगळ्यांना सांगतात, "त्या लोकांनी माझ्या लेकीला आणून सोडली." मला आत्यांचं कळतं. टाकून दिलेल्या पोरीची लोक कीव करतात, आपणहून निघून आलेल्या पोरीचा हिशेब मागतात. लेकीच्या वाट्याला कीव तरी यावी म्हणून आत्यांनी ते धरून ठेवलं होतं. रेखानं कधी त्यांना खोटं पाडलं नाही. फक्त एकदा, घरी आम्ही दोघी सणाची डाळ निवडत बसलो होतो, तेव्हा खाली मान घालून तिनं मला सगळं सांगितलं. मी ते लिहिलं. माझ्या हातून त्याच्याहून बरं आजवर काही लिहून झालेलं नाही. ती पानं काढली की बाकीची पानं एकमेकांना ओळखत नसल्यासारखी वाटत होती.

आणि नेमकं तेव्हाच स्थळ आलं.

माधवमामा म्हणून आमच्या नात्यातले एक आहेत, सोयरिकी जमवतात. त्यांनी उदगीरचं स्थळ आणलं. माणसाची बायको वारलेली, शेतीच्या अवजारांचं दुकान, स्वभावानं गरीब. रेखानं फोटो बघितला, "बरा हाय," म्हणाली. आमच्या घरात "बरा हाय" म्हणजे लई झालं. आत्यांच्या चालण्यात फरक पडला. त्या दारात उभ्या राहून शेजारणीशी मोठ्यानं बोलायला लागल्या. आणि ठरलं की पाहुण्यांनी येळवशीला आमच्या शेतात जेवायलाच यावं. माधवमामांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, पोरीला पहिल्या लोकांनी आणून सोडलं म्हणून.

त्या दिवसांत मी नीट झोपले नाही. पुस्तक उद्या छापून आलं आणि उदगीरला कुणी वाचलं तर? सोयरीक ठरते आत्यांच्या सांगण्यावर, आणि छापलेलं निघतं वेगळं. ती पानं काढून बाकीचं द्यावं, की सगळंच राहू द्यावं? मिलमध्ये माझ्या बोटांतून काळे दाणे निसटायला लागले, मुकादमानं दोनदा ढीग परत निवडायला लावला. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "तुझं तू बघ. पण रेखाचं जमू दे आधी." मी रेखाला विचारायचं ठरवलं. घर दोन खोल्यांचं, भिंतीलाही कान. म्हटलं शेतात विचारू, तिथं मोकळं असतं. ती तेवढी पानं पिशवीत घातली आणि पिशवीवर तिळाच्या पोळ्यांचा डबा ठेवला.

आमचं शेत किल्लारीच्या अंगाला आहे. भूकंपानंतर वसवलेलं गाव सरळ ओळीत उभं आहे, पण शेतं जिथली तिथंच राहिली, त्यामुळं नव्या गावातून शेताकडं जाताना म्हातारी माणसं अजून जुन्या रस्त्यानं वळतात. पहाटेपासून चूल पेटलेली. भज्जी शिजत होती, सगळ्या ओल्या शेंगांचे दाणे, हरभरा, बेसन, ताक, एवढं सगळं एका भांड्यात. बाजरीच्या पिठाचे वाफवलेले गोळे, म्हणजे उंडे, गव्हाची खीर, धपाटे. ताकातली आंबील मडक्यात, मडक्याच्या तोंडाला फडकं. आत्यांनी ते मडकं कुणाच्या हाती दिलं नाही, जीपमध्ये मांडीवर घेऊन बसल्या. शेतात कडब्याची खोप केली होती, आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडलेले. ज्वारी पोटऱ्यात आलेली, हरभऱ्याला घाटे, वाऱ्याला आंबटसर वास. पूजा झाली, मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, शेतभर आंबील शिंपडली. पाहुणे आले. तो माणूस, त्याची आई, भाऊ. माधवमामा मधे बसले आणि दोन्हीकडं बघून हसत राहिले. रेखा वाढत होती. मला तिच्याशी बोलायला जागाच मिळेना. ती चुलीकडं आली की आत्या येत, ती विहिरीकडं गेली की पाहुण्यांची आई मागं.

येळवशीची एक रीत आहे. बांधावरून जो जाईल त्याला हाक मारायची. ओळखीचा असो नसो, त्यानं आपल्या शेतात चार घास खाल्ल्याशिवाय पुढं जायचं नाही, आणि त्यानंही नको म्हणायचं नाही. मामांना याची लई हौस. त्या दिवशी तर पाहुणे समोर होते, मग काय, रस्त्यावर फटफटी दिसली की मामा टॉवेल हलवत बांधावर.

"या वो, या. खाली ठेवा पाय. आंबील घ्या."

अशीच एक फटफटी थांबली. मळका फेटा बांधलेला, पोट सुटलेला एक माणूस उतरला. बहिणीच्या शेताकडं निघाला होता. बसला, आंबील घेतली, मिशा पुसल्या आणि वाढणाऱ्या रेखाकडं बघून म्हणाला, "का रेखाबाई, वळखलं का न्हाई? मी तुमच्या सासरच्या आळीतला की."

मामांच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. आत्या पोळी मोडत होत्या, त्यांनी ती आणखी बारीक मोडली.

माधवमामा चटकन म्हणाले, "जुन्या गोष्टी कशाला, पाहुणे. खीर घ्या."

पण त्या माणसाला काही कळलं नाही. त्याच्या मनात वाईट नव्हतं, उलट कौतुकच होतं. पाहुण्यांच्या आईकडं वळून तो म्हणाला, "लई कडक बाई हाय, मावशी. भर दुपारी निघून आली. आमच्या गावात अजून सांगतात, भाकरी तव्यावर टाकून गेली म्हणून."

 खोपीचा कडबा तेवढा वाऱ्यानं वाजत होता. मी रेखाकडं बघितलं. तिच्या हातात भज्जीची पळी होती.

"तव्यावर न्हाई," ती म्हणाली. "काटवटीत पीठ होतं."

आणि तिनं त्या माणसाच्या ताटात भज्जी वाढली, नीट, काठाला न सांडू देता. मग माझ्याकडं बघितलं. "वैनी, ती पिशवी दे." तिला कधी कळलं होतं पिशवीत काय आहे, मला माहीत नाही. माझी बोटं डब्याच्या कडीत अडकली. तिनं पानं घेतली आणि उदगीरच्या माणसापुढं धरली.

"माझी वैनी लिहिती. ह्यात सगळं हाय, जसं झालं तसं. इथं बोलत बसलो तर सगळ्यांचं जेवण नासंल. घरी जाऊन वाचा आन मग काय ते सांगा."

त्या माणसानं हात धुतले, धोतराला पुसले आणि पानं घेतली.  घडी करून खिशात ठेवली. फेटेवाला आता कुठं सावध झाला आणि खाली मान घालून भराभरा जेवायला लागला. रीत होती ना, ताट टाकून उठता येत नव्हतं. कुणालाच उठता आलं नाही. आम्ही सगळे तसेच बसून खीर खाल्ली. इतकी लांबलेली पंगत मी पुन्हा बघितलेली नाही.

त्यानंतरचे दिवस मला अजून वासानं आठवतात. उरलेली आंबील आंबून गेली तरी कुणी मडकं उपडं केलं नाही. आत्या दार वाजलं की उठायच्या. रेखा रोजच्यासारखी दुकानात जायची, परीक्षांचे फॉर्म सुरू झाले होते, गर्दी होती. मी मिलमध्ये खाली मान घालून बसायची आणि पहिल्यांदाच मला तिथं काही सांगावंसं वाटेना.

मग माधवमामा आले. बसले, पाणी पिले, पायांकडं बघत म्हणाले, "त्यांचं म्हणणं असं, की गुण काही जुळत न्हाईत."

"कुणाचे?" रेखानं आतून विचारलं.

 माधवमामांनी खिशातून पानं काढून माझ्या हातात दिली. शेवटच्या पानावर हळदीचं बोट उमटलं होतं. कुणीतरी जेवता जेवता वाचलं होतं. नाहीतर कुणाकडून वाचून घेतलं होतं. मला वाटतं त्याच्या आईनं. त्या बोटाकडं मी किती तरी वेळ बघत राहिले, त्यातून काही कळतं का म्हणून.

ते गेल्यावर आत्या माझ्याशी एकच वाक्य बोलल्या. "माझ्या लेकीचं वाटोळं तुझ्या कागदानं झालं." पुढं त्या काही बोलल्याच नाहीत. माझ्या हातचं जेवल्या, माझ्या हातचं पाणी घेतलं, पण बोलल्या नाहीत. ह्यांनी सांगितलं, "राहू दे मंगल आता. कशाला?" मामा रोज शेताकडं जाऊन बसायचे. आपण टॉवेल हलवला नसता तर, हे त्यांच्या मनात होतं, आणि ते बोलून दाखवायची कुणाची हिंमत नव्हती.

मी ठरवलं, नांदेडला जायचं नाही. संक्रांत तोंडावर आली होती. दुकानात जाऊन रेखाला सांगितलं.

"कामून?" ती स्क्रीनकडंच बघत होती.

"चार पानांनी एवढं झालं. पुस्तकानं काय होईल?"

"व्हायचं काय राहिलंय?"

"दुसरं स्थळ येईल की."

"येईल. त्याला बी आई तेच सांगंल. मग मी त्या घरात जन्मभर आणून सोडलेली." तिनं हात थांबवले. "वैनी, मी माझ्या पायानं आले. आजपातूर एवढी एकच गोष्ट मी माझ्या मनानं केली. ती बी तुम्ही लोक दुसऱ्याच्या नावावर लावून राहिलात."

माझी बोली तिनं माझ्यावरच टाकली होती. हसू आलं नाही.

"आत्या माझ्याशी बोलत न्हाईत, रेखा."

"आईचं मी बघते. तू कागद बघ." मग थोड्या वेळानं तिरक्या नजरेनं, "खरं सांग. माझ्यासाठी भेतीस का त्या नांदेडच्या बाईला भेतीस?"

मी बाहेर क्लासच्या पोरांकडं बघायला लागले.

"शिक्षण विचारलं तर काय सांगायचं, ह्येच ना?"

एक पोरगा फोटोच्या झेरॉक्स घेऊन आत आला आणि ती त्याच्याकडं वळली. मी स्टुलावर तशीच बसून राहिले. ती पूर्ण खरं बोलली नव्हती, पण पूर्ण खोटंही नव्हतं. माझी अर्धी भीती माझी होती, आणि तिच्यावर मी रेखाच्या नावाचं फडकं टाकून ठेवलं होतं. पण उरलेली अर्धी खरोखर तिच्यासाठी होती, आणि ती अजून गेलेली नाही.

सकाळच्या बसनं मी एकटी निघाले. पिशवी मांडीवर, दोन्ही हात तिच्यावर. खिडकीतून तुरीची शेतं सरकत होती, पानं झडून शेंगा तपकिरी झालेल्या, काढणीला आलेल्या. अहमदपूर गेलं. लोह्याला गाडी बराच वेळ थांबली. मी त्या पानांचा गठ्ठा बाहेर काढला. अजून वेळ होता. एवढी काढून घेतली तर बाईंना कधी कळणारही नाही. पुस्तक थोडं बारीक होईल, घर सावरेल, आत्या बोलायला लागतील. शेजारची म्हातारी म्हणाली, "कोर्टाचे कागद हायत का, माय?" मी म्हटलं, "न्हाई. घरचे हायत." आणि ते पुन्हा आत ठेवले. का ठेवले ते त्या क्षणी मला सांगता आलं नसतं.

गोदावरीच्या पुलावरून नांदेड दिसायला लागलं तेव्हा मी पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळला. स्टँडवर उतरले तर समोर नायगावची गाडी उभी, कंडक्टर ओरडत होता. त्या गाडीत बसलं असतं तर दुपारपर्यंत मी आईपाशी पोचले असते. आईनं काही विचारलं नसतं. पिशवी कोठीवर ठेवली असती आणि जेवायला वाढलं असतं. मी त्या गाडीच्या पायरीपर्यंत गेले होते. खरंच गेले होते. कंडक्टर म्हणाला, "चला बाई, चढायचं तर चढा." आणि मला एकाएकी वाटलं, रेखानं त्या दुपारी बसला हात केला तेव्हा तिच्या मनात काय असेल. मी आजवर ते लिहिलं होतं, पण मला ते माहीत नव्हतं. मी पायरीवरून मागं झाले.

प्रकाशनाच्या दोन खोल्या एका जिन्यावर होत्या. आत डिंकाचा वास, भिंतीला पुस्तकांचे गठ्ठे, बाईंचे मालक खाली बसून कव्हरांना घड्या घालत होते. बाईंनी पाणी दिलं. शिक्षण विचारलं नाही. त्यांनी पानं चाळली आणि हळदीचं बोट असलेल्या पानावर थांबल्या. ते पान रेखानं प्रिंटरवर नवं काढून दिलं होतं, पण मी जुनंच ठेवलं होतं.

"कानावर घातलं का ज्यांचं आहे त्यांच्या?"

"जिचं हाय तिनंच टाइप केलंय. एक चूक होती, ती तिनंच सांगितली."

"आणि घरचे काय म्हणतात?"

"सोयरीक मोडली. सासूबाई बोलत न्हाईत."

बाईंनी हात त्या पानावर तसाच ठेवला. मालकही घडी घालायचे थांबले. "मग ही पानं ठेवायची का काढायची? तुम्ही सांगाल तसं. काढली तरी मी बाकीचं वाचीन, शब्द देते."

म्हणजे आता माझ्यावरच होतं. रेखा तिथं नव्हती, आत्या नव्हत्या.  समोरच्या माणसानं काहीतरी विचारावं आणि मला उत्तर येऊ नये, असं आयुष्यभर वाटत आलं होतं. आणि इथं विचारलं गेलं तेच, ज्याचं उत्तर फक्त मलाच द्यायचं होतं.

"ठेवा," मी म्हटलं. आवाज निघाला नाही म्हणून पुन्हा म्हटलं.

पुस्तक अजून निघालेलं नाही. बाई म्हणतात, लहान प्रकाशन आहे, रांगेत दोन पुस्तकं आधी आहेत, पण निघणार. निघेल तेव्हा काय होईल याची भीती रोज थोडी थोडी मी खाते, जेवणाबरोबर. आत्या आता बोलतात. मिठाचं, पाण्याचं, लाइटबिलाचं बोलतात. त्या गोष्टीचं बोलत नाहीत. रेखाला नंतर स्थळ आलं नाही. आलं असतं तर मी हे एवढ्या सहज लिहू शकले असते का, कोण जाणे. काल बाजारात ती माझ्यासोबत होती. वालाच्या शेंगा निवडता निवडता शेंगवालीनं विचारलं, "ताईला लेकरं किती?" रेखा म्हणाली, "न्हाईत. मी निघून आलेली हाय," आणि भाव करायला लागली. शेंगवालीनं एकदा वर बघितलं आणि जास्तीची मूठ टाकली. कीव म्हणून की कौतुक म्हणून, मला ओळखता आलं नाही.

तिच्या या उपकाराची फेड पुस्तकानं होणार नाही, हे मला कळतं. पुस्तकावर नाव माझं येणार. तिनं माझ्या कामाला "हाव", म्हणजे हो, म्हटलं तेव्हा पुढं आपलं काय जाणार आहे ते तिला दिसत होतं, तरी म्हटलं. तीही कधीतरी काही मागेल. कदाचित पुढं शिकायचं म्हणेल, वेगळ्या शहरात राहायचं म्हणेल, कुणा भलत्याच माणसाशी लग्न करायचं म्हणेल, नाहीतर करायचंच नाही म्हणेल. घरात सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसतील. "बघू" म्हणायची वेळ येईल. तेव्हा आत्यांच्या आधी, मामांच्या आधी, ह्यांच्याही आधी, त्या घरातलं पहिलं "हाव" माझं असेल. मग माझं काय जायचं ते जावो.